धुरालाही गाळणे हवे

उपासकदशांग सूत्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची गणना आहे. भूमी खोदणे-फोडणे हे स्फोटीकर्म त्यांतच येते. तरीही आज अनेक श्रावक कुटुंबांची उपजीविका बांधकाम, खडी क्रशर किंवा यंत्रे भाड्याने देणे यांवर चालते. व्यवसाय सोडणे सर्वांना शक्य नसते. त्यातील हिंसा कमी करणे मात्र शक्य असते. यतना ती हीच.

यंत्रांच्या धुराकडे ही यतनेची दृष्टी क्वचितच वळते. डिझेल जळताना काजळीचे कण निर्माण होतात. त्यांतील बहुतेक २.५ मायक्रॉनहून लहान असल्याने फुफ्फुसांत खोलवर पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगास निश्चित कारणीभूत घटकांत स्थान दिले. हा धूर सर्वप्रथम श्वासात घेतात पोकलेनचा चालक आणि कामाच्या आवारातच पत्र्याच्या खोलीत राहणारी मजुरांची मुले.

उपाय उपलब्ध आहेत. एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या डिझेलमधील गंधक दशलक्षात १० भागांवर आले. गंधक घटल्यामुळेच सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारे फिल्टर नीट काम करू शकतात. चाकांवर चालणाऱ्या नव्या बांधकाम यंत्रांना जानेवारी २०२५ पासून पाचव्या टप्प्याचे निकष लागू झाले.

परंतु हे निकष नव्या यंत्रांपुरते आहेत. जुनी यंत्रे पुढे कित्येक वर्षे राबतील. त्यांच्या बाबतीत मालकाचा विवेक हाच नियम. काम नसताना इंजिन बंद ठेवणे, एअर फिल्टर व इंजेक्टर वेळेवर तपासणे, भेसळीचे इंधन न वापरणे, वीजजोडणी मिळत असेल तेथे जनरेटर टाळणे, ही यतना आजच आचरता येते. क्रशर व टॉवर क्रेन विजेवर उत्तम चालतात. नॉर्वेतील ऑस्लो शहरात तर २०१९ मध्ये एका रस्त्याच्या कामावर खोदाईची यंत्रेही विजेवर चालवली गेली. कोळशापासून केलेली वीज निर्दोष नाही. तरी तिचा धूर मजुराच्या नाकातोंडाशी निघत नाही.

पाणी गाळून पिणाऱ्या घराला गाळण्याचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. नवे यंत्र घेताना किंमत व ताकद यांबरोबर त्याच्या धुराचीही चौकशी व्हावी. प्रतिक्रमणात कर्मादानांच्या अतिचारांची आलोचना करणाऱ्या श्रावकाला हा प्रश्न परका नाही.