मयताचे मुखत्यारपत्र

संपादक महाशयांस,


निवडणुका जवळ आल्या की, अगर जोतीराव फुले यांची जयंती किंवा पुण्यतिथी आली की, आपल्या शहराच्या चौकाचौकांतून जे फलक उभे राहतात आणि व्यासपीठांवरून जी विधाने ठोकून दिली जातात, ती वाचून-ऐकून, महसुली दफ्तरात वारसनोंदीचे कज्जे निकालात काढण्यात उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसास एक जुनीच शंका छळू लागते. मयताच्या मिळकतीवर दावा सांगणाराकडे आम्ही दाखला मागत असू. मग मयताच्या मतांवर दावा सांगणाराकडे तो कोणी का मागू नये? समाजवादी म्हणतात जोतीराव आमचे, खुल्या बाजारपेठेचे पुरस्कर्ते म्हणतात आमचे, निरीश्वरवादी त्यांना आपल्या पंक्तीस बसवतात, आणि अलीकडे तर खडकवासल्याच्या धरणाला साहित्य पुरवणारा कंत्राटदार एवढेच त्यांचे रूप न्याहाळून त्यांस उद्योजकांचे कुलदैवत ठरवणारी मंडळीही निघाली आहेत.

‘शेतकऱ्याचा असूड’ हा 1883 सालचा ग्रंथच घ्या. शेतसारा, लोकल फंड, जकात यांच्या ओझ्याखाली कुणबी कसा चिरडला जातो, जंगल खात्याने त्याची गायराने कशी गिळली आणि गोऱ्या-काळ्या सरकारी कामगारांचे पगार व पेन्शने त्याच्या घामातून कशी निघतात, याचे जळजळीत वर्णन वाचून, सरकार जितके थोडे तितके बरे, असे मानणाऱ्यास तो आपलाच ग्रंथ वाटला तर नवल नाही. शरद जोशींच्या शेतकरी चळवळीने या ग्रंथाशी नाते जोडले ते याच धाग्याने, आणि तो धागा खोटा नव्हता. परंतु त्याच ग्रंथाच्या अखेरीस उपाय सांगताना जोतीराव त्याच सरकारला विनवतात की, लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून जागोजागी बंधारे घालून पावसाचे पाणी शेतात मुरवावे. त्याच्या आदल्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी बारा वर्षांच्या वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती, आणि 1880 साली पुण्यात वाढू लागलेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे तक्रारही नोंदवली होती. आता हा गृहस्थ सरकारशाहीचा वैरी की तरफदार, याचा फैसला ज्यांना एका वाक्यात करावयाचा असेल त्यांनी तो खुशाल करावा. मात्र पुढची पाने फाडून करू नये.

निरीश्वरवाद्यांची गतही निराळी नाही. पुरोहितशाहीवर एवढे कठोर प्रहार करणाऱ्या पुरुषाने आयुष्याच्या अखेरच्या आजारपणात, उजवा हात निकामी झाला असता डाव्या हाताने, जो ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ लिहिला आणि जो त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली प्रसिद्ध झाला, त्याच्या पानोपानी ‘निर्माणकर्ता’ वावरतो.

एका प्रसंगातील सहकार्यावरून संपूर्ण मतैक्याचा पुरावा उभा करणे, ही तर त्याहून विचित्र रीत आहे. 1882 साली कोल्हापूरच्या बदनामी प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला झाला तेव्हा जोतीरावांनी आपले स्नेही रामशेट उरवणे यांस दहा हजार रुपयांचा जामीन देण्यास प्रवृत्त केले. म्हणून ते टिळक-आगरकरांच्या ‘केसरी’च्या सर्व मतांचे पुरस्कर्ते ठरतात काय? 1888 साली ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या मेजवानीस ते शेतकऱ्याच्या वेषात गेले, म्हणून त्यांस राजनिष्ठांच्या यादीत घालावयाचे काय? जामीन देणारा आरोपीच्या हजेरीची हमी घेतो, त्याच्या विचारांची घेत नाही, एवढे तर कोर्टाच्या आवारातला चहावालाही सांगेल.

याचा अर्थ मोठ्या माणसांचे नाव कोणी घेऊच नये, असा मात्र नाही. डॉ. आंबेडकरांनी बुद्ध व कबीर यांच्या जोडीने फुल्यांना आपले गुरू मानले आणि 1946 साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ त्यांना अर्पण केला. पण ज्या आर्य आक्रमणाच्या कल्पनेवर फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची मांडणी उभी आहे, तीच कल्पना त्या अर्पण केलेल्या ग्रंथात आंबेडकरांनी सविस्तर खोडून काढली, पुढे 1956 साली त्यांनी जो धम्म स्वीकारला त्यात जगाच्या निर्मात्याला जागा नव्हती, आणि तरीही फुल्यांचेही मत असेच होते, असा शब्द त्यांनी कधी काढला नाही. ‘मी फुल्यांचा’ असे म्हणणारा स्वतःला बांधून घेतो. ‘फुले आमचे’ असे म्हणणारा मयताला बांधून घेतो. मुखत्यारपत्र लिहून देणारा निवर्तला की मुखत्याराचा अधिकार संपतो, हा साधा कायदा आहे, आणि येथे तर मुळात असे पत्र कोणी लिहूनच दिलेले नाही.

आपल्या शहराने तर या बाबतीत थोडे अधिक संकोचाने वागावे. 1925 साली ब्राह्मणेतर पुढारी केशवराव जेधे यांनी फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव नगरपालिकेपुढे आणला तेव्हा याच पुण्यात केवढे वादंग माजले होते! आणि नगरपालिकेचे सभासद असताना ज्या बाजाराच्या इमारतीवरील खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे सुचवले, ती इमारत 1886 मध्ये रे मार्केट म्हणून खुली झाली आणि पुढे तिलाच त्यांचे नाव दिले गेले. आदरापोटी दिले, हे मान्य. पण त्यांना विचारता आले असते तर त्यांनी होकार दिला असता, असे मला वाटत नाही.

सबब सर्व पक्षांच्या व मंडळांच्या चालकांस आपल्या पत्राद्वारे एवढीच विनंती आहे की, यापुढे जोतीरावांच्या चित्राखाली आपल्या पक्षाचे मत छापताना ते त्यांच्या कोणत्या ग्रंथातून, कोणत्या साली, कोणत्या पृष्ठावरून घेतले, हेही छापावे, आणि त्याच ग्रंथातील आपणास अडचणीचे असे एक तरी वाक्य शेजारी द्यावे. फलकावर जागा पुरत नसेल तर स्थानिक पुढाऱ्यांची छायाचित्रे थोडी कमी करावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून,
गंज पेठ, पुणे