दिव्यांग लेकराच्या शाळेसाठी लेखी अर्ज करा



कालव्याचे पाणी हवे असले की आपण अर्ज भरतो आणि पाळी चुकली तर दाद मागतो. पण ऐकू न येणाऱ्या, कमी दिसणाऱ्या किंवा हळू समजणाऱ्या लेकराला शाळेने "जमणार नाही" म्हटले, की तेच आपण मान खाली घालून परततो. हे आम्हाला पटत नाही.

शाळा म्हणजे मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. पण न मागता हे क्वचितच मिळते.

प्रथम सरकारी दवाखान्यातून तपासणी करून दिव्यांगत्वाचा दाखला काढावा. तो देशभर चालतो. ऊसतोडीसाठी नंदुरबारकडून येणाऱ्या कुटुंबांनी तिकडचा दाखला बरोबर आणावा. येथे पुन्हा काढण्याची गरज नाही.

मग मुख्याध्यापकांना गुजरातीत अर्ज द्यावा. "मदत करा" एवढेच लिहून भागत नाही. पुढचा बाक, मोठ्या अक्षरांची पुस्तके, कानाचे यंत्र, परीक्षेत जादा वेळ, विशेष शिक्षकाचे ठरलेले वार, यांपैकी जे हवे ते नेमके लिहावे. एका प्रतीवर सही, शिक्का व तारीख घ्यावी; दुसरी प्रत पलसाणा तालुक्याच्या बी.आर.सी. भवनात द्यावी. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. तेथेही विषय मांडावा. तरीही काम न झाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

"हा शिकून काय करणार?" असे काही जण विचारतात. पैसे मोजणे, बसची पाटी ओळखणे, आपले दुखणे खुणेने सांगणे, एवढे आले तरी पुष्कळ झाले. आईबाप जन्मभर पुरत नाहीत.

ज्यांना गुजराती लिहिता येते त्यांनी शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा आणि त्याच्याबरोबर शाळेत जावे. एकटा बाप लवकर परत फिरतो. चौघे गेले की खुर्ची पुढे येते. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी हे काम उरकावे.