काळी बुरशी ओसरली, कारणे कायम
मे २०२१मध्ये केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिसच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. ॲम्फोटेरिसिन-बीच्या इंजेक्शनसाठी तेव्हा नातेवाईक वणवण फिरत होते. कोविड ओसरला, हा आजार मात्र आमच्या वॉर्डात अजूनही येतो. ही बुरशी मातीत, हवेत नेहमीच असते. अनियंत्रित मधुमेह किंवा स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खचली, की ती सायनसमधून डोळ्याकडे, मेंदूकडे सरकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये १९ धोकादायक बुरशींच्या यादीत तिचाही समावेश केला. तरीही रक्तातील साखर न तपासता स्टिरॉइड दिले आणि घेतले जाते. मधुमेहींनी चेहऱ्याची एक बाजू दुखली, बधिर झाली किंवा नाकातून काळपट स्राव आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास डोळा काढावा लागतो. कधी जीवही वाचत नाही.