पाण्याचा चितारी

अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या काठी मणिबेली हे गाव आहे. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात सर्वांत आधी शिरले ते इथे. १९९३ च्या पावसाळ्यात घरे गेली, शेते गेली. शूलपाणेश्वराचे जुने देऊळही पाण्याखाली गेले. काही कुटुंबे गुजरातेतल्या वसाहतींत गेली, काही डोंगर चढून वर राहिली. वर राहिलेल्यांच्या पोरांनी वाहती नर्मदा पाहिलेलीच नाही. त्यांच्यापुढे आहे ते नुसते पसरलेले पाणी. अशा काठावरच्या मंडळींना आज एका दर्यावेड्या चित्रकाराची ओळख करून द्यावीशी वाटते.

प्रल्हाद अनंत धोंड हे त्यांचे नाव. जन्म १९०८ चा, माणूस कोकणातला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले, तिथेच मास्तर झाले आणि पुढे त्या शाळेचे प्रमुखही. २००१ साली ते गेले. खुर्ची मोठी, पण स्वभाव गप्पिष्ट आणि हसरा. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिले ‘रापण’. आता रापण म्हणजे काय? होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धगोल सोडायचे आणि दोन्ही टोकांना माणसांच्या रांगांनी ते किनाऱ्यावर ओढायचे. आपल्या इर्जिकीसारखेच काम. जो दोराला हात लावतो त्याला मासळीतला वाटा. जाळ्यात काय येईल ते कोणी सांगावे! आठवणींना याहून चांगले नाव दुसरे सुचत नाही.

धोंडांचा हात बसला होता तो जलरंगात. समुद्र, ओली वाळू, होड्या, भरून आलेले आभाळ. तेलरंगात चुकले तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात ती सोय नाही. कागद ओला करायचा, रंग सोडायचा आणि तो आपोआप पसरू द्यायचा. फार ओल्या कागदावर रंग वाहून जातो, आणि सुकल्यावर लावला तर कडा उमटतात. मधली वेळ साधली तरच ढग ढगासारखा दिसतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. वाफसा आला की पाभर धरायची, आधी नाही नि नंतर नाही. शिवाय पांढरा रंग लावायचाच नसतो. लाटेचा फेस दाखवायचा तर तेवढा कागद कोरा सोडावा लागतो. काय करायचे यापेक्षा कुठे हात आवरायचा हेच कठीण. घरच्या बायका रांगोळी काढतात त्यांना विचारा.

कोणी म्हणेल, असल्या चित्रांत कोळ्याचे कर्ज कुठे दिसते? नाही दिसत. पण कर्जदाराच्या दारातही सकाळ होतेच, आणि ती त्याला दिसतेही. धोंडांनी ती सकाळ रंगवली. मला यात काही उणे वाटत नाही.

मणिबेलीची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली ती मोर्चाची, पाण्यात उभ्या घरांची. तेही खरेच आणि ते टिपायलाच हवे होते. पण पाणी येण्याआधीची साधी सकाळ, काठावरची शेती, देवळाकडे जाणारी वाट, हे आज म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतच उरले आहे. ती माणसे आता थकली.

रंगाची पेटी बाजारात मिळते. नसेल तर गेरू आणि कोळसा आहेच. पोराला आजीजवळ बसवावे. आजीने सांगावे, खळे इथे, महू तिथे, गुरे या अंगाने उतरायची, पोराने काढावे. आजी मध्येच म्हणेल, अरे, वाट इतकी सरळ नव्हती. मग पोराने ती वाकडी करावी.