कूलरची जागा

"कूलर बसवून घेतला बरं का!" असे आमच्या साडूंनी फोनवर सांगितले तेव्हा आमच्या घरात गार वाऱ्याची झुळूक आली. साडू मूळचे नागपूरचे. निवृत्तीनंतर त्यांनी मुळशीला प्लॉट घेतला, त्यावर छोटी बंगली बांधली, आणि दर मे महिन्यात आम्हाला तिथे बोलावून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायचा परिपाठ ठेवला. "चला, ताईला एकदाची दया आली," असे म्हणत सौ.ने माळ्यावरची बॅगसुद्धा काढली. मग कळले की कूलर घराला बसवलेला नाही, गाडीला बसवलाय. गाडीत बसणाऱ्या माणसांना तर नाहीच नाही. तो गिअरबॉक्सला बसवलाय.

गिअरबॉक्सला उकडते ही कल्पना मला तरी नवी होती. पण साडूंची गाडी म्हणजे पुढे माणसे आणि मागे उघडा हौदा असलेला पिकअप, आणि गिअर आपोआप पडणारे. अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक डबा असतो. त्यात दोन पंखे समोरासमोर. इंजिन एक पंखा फिरवते, तो तेल ढकलतो, आणि ते तेल दुसऱ्या पंख्याला फिरवते. सपाट रस्त्यावर वेग आला की दोघे एकमेकांना घट्ट धरून चालतात. पण चढ लागला, मागे ओझे असले आणि वेग मंदावला, की पहिला पंखा गरगर फिरतो, दुसरा मागे रेंगाळतो, आणि मधली सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. (आमच्या सोसायटीची कार्यकारिणी याच तत्त्वावर चालते.) हे तेल ऐंशी-नव्वद अंशांवर सुखात असते. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. म्हणून कूलर. म्हणजे पातळ पत्र्यांची एक जाळी, तिच्यातून तेल फिरते आणि बाहेरून वारा.

इथपर्यंत माझे साडूंशी भांडण नाही. भांडण आहे ते पुढे.

साडूंना तेलाच्या प्रकृतीची काळजी लागली याचे कारण चिरे. मुळशीत काळा दगड पाय ठेवाल तिथे ठेचकाळतो. पण साडूंच्या मनाने घेतले, कुंपण घालायचे ते कोकणातल्या तांबड्या जांभ्याचेच. मग पिकअपला मागे ट्रॉली जोडायची, ताम्हिणी उतरून निजामपूरकडे जायचे आणि चाळीस चिरे घेऊन घाट चढून यायचे. एक चिरा तीसेक किलोचा धरा, म्हणजे सव्वा टन झाले हो! मुळशी धरणाचे पाणी १९२७ पासून डोंगरावरून खाली भिऱ्याच्या वीजघराकडे धावते आहे. आमचे साडू मात्र निसर्गाच्या विरुद्ध दिशेने दगड वर आणणारे.

पहिल्या खेपेला तेल जरा तापले. तेव्हा पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला, "साहेब, मोठा कूलर टाका." आणि माझा राग आहे तो या वाक्यावर. आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर 'मोठा टाका' हा एकच उतारा. मोठा टीव्ही, मोठा पंखा, मोठा कूलर. तो कुठे टाकायचा, हे विचारायचे कुणाच्या मनातच येत नाही. साडूंनी सर्वांत मोठा घेतला, आणि पुढे जागा नाही म्हणून गॅरेजवाल्याने तो गाडीच्या पोटाखाली बसवला. सायलेन्सरच्या नळीपासून वीतभर अंतरावर!

मी म्हटले, "अहो भाऊ, तिथे वारा कुठून येणार?"

"गाडी चालते नं बाप्पा? मग वारा येतेच."

हे एका नागपूरकराने म्हणावे! ज्या गावात वाळ्याच्या कूलरशिवाय उन्हाळा ढकलता येत नाही, जिथल्या शाळकरी पोरालाही कळते की कूलर खिडकीत लावायचा, त्याची पाठ बाहेरच्या मोकळ्या हवेत ठेवायची आणि समोरचे दार किलकिले ठेवायचे, नाहीतर थंडावा राहतो बाजूला आणि पापड सादळतात, त्या गावच्या माणसाने! आमच्या आजीला मोटारीतले काही कळत नव्हते. पण माठ चुलीशेजारी ठेवला असता तर तिने आम्हाला पळीने मारले असते. माठ कितीही मोठा आणा, तो सावलीत, खिडकीच्या वाऱ्यावरच ठेवायचा. सायलेन्सरशेजारचा कूलर आणि चुलीशेजारचा माठ यांत मला फरक दिसत नाही.

"पण पुढे जागाच नाही," असे साडूंचे म्हणणे. जागा का नाही ते बघायला मी गाडीच्या पुढ्यात उभा राहिलो. नाकाडावर लोखंडी नळ्यांचा आडवा दांडा, ज्याला केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना पत्र लिहून मनाई केली आहे. त्या दांड्यावर धुक्यासाठी दोन दिवे. खाली दोन भोंगे. मधोमध बंगलीचे नाव पितळी अक्षरांत. लिंबू-मिरची. आणि दसऱ्याचा झेंडूचा हार, तो मे महिन्यापर्यंत वाळून चिवड्यासारखा झालेला. या सगळ्या संसाराच्या मागे गाडीचा रेडिएटर श्वास घ्यायला धडपडत होता. दिवे घ्यायला पैसे आहेत, नाव कोरायला पैसे आहेत, पण वाऱ्याला जायला चार बोटे जागा द्यायची म्हटले की आपला जीव वरखाली होतो.

त्या दिवशी दुपारी मीही गाडीत होतो. ऊन म्हणजे ऊन. घाटाच्या पायथ्याच्या भिऱ्याला २०१७ च्या मार्चमध्ये साडेसेहेचाळीस अंशांची नोंद झाली होती, तो मुलूख. अर्ध्या घाटात समोर तांबडा दिवा लागला, जळक्या फोडणीसारखा वास आला आणि गाडीने गिअर घ्यायचे सोडले. इंजिन ओरडतेय, गाडी जागची हलत नाही, आणि मागून सव्वा टन चिरे आम्हाला पुन्हा कोकणात बोलावताहेत. डाव्या हाताला दरी. ताईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. मी उडी मारून ट्रॉलीतला एक चिरा ओढला आणि मागच्या चाकाखाली सारला, मग दुसरा, मग तिसरा. हात थरथरत होते. त्या सबंध प्रवासात चिरे उपयोगी पडले ते तेवढेच.

मागून एक टेम्पो आला. त्याचा ड्रायव्हर उतरला, मानेवरचा टॉवेल झटकून गाडीच्या पुढ्यात गेला आणि बराच वेळ हाराकडे बघत राहिला.

"सायेब, तोंडाला फडकं बांधून डोंगर चढायला लावलाय तुमी तिला."

साडू इंजिन बंद करायला निघाले तर तो ओरडला, "बंद नका करू! न्यूट्रलला ठेवा, चालू राहू द्या." बरोबरच होते. इंजिन बंद झाले की तेलाचा पंप थांबतो आणि गरम तेल आहे तिथे शिजत बसते. मग त्याने पान्याने नावाची पाटी काढली, दिवे काढले, हार काढला. अर्धे चिरे आपल्या टेम्पोत घेतले. तास-दीड तासाने आम्ही निघालो ते खालच्या गिअरमध्ये, एसी बंद, आणि (हे मी शपथेवर सांगतो) मे महिन्यात हीटर चालू ठेवून. इंजिनची धग त्या वाटेने थोडी गाडीत येते आणि रेडिएटरचे ओझे हलके होते. आम्ही चौघे भाजून निघालो, पण गाडी घाट चढली. माथ्यावर त्या भल्या माणसाने चिरे उतरवून दिले आणि चहासुद्धा घेतला नाही.

पुढे पौडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ते सगळे निस्तरले. निथळलेले तेल त्यांनी आम्हाला बोटावर दाखवले: तांबडे असायचे ते काळे झाले होते. तेल बदलले. साडूंचा तो अवाढव्य कूलर त्यांनी बाजूला ठेवला, कारण तो पुढे लावला असता तर रेडिएटरचाच वारा अडला असता. मध्यम आकाराचा आणला. तो रेडिएटरच्या पुढे, कशाला घासणार नाही इतके अंतर ठेवून, रबरी गुटक्यांवर बसवला. घाटात गाडी रांगते तेव्हा समोरून वारा येत नाहीच. तेव्हा मागचा पंखा जो वारा ओढतो त्या वाटेतच कूलर हवा. आणि नळ्याही उलट्या निघाल्या! पहिल्या गॅरेजवाल्याने तेल आधी कूलरमधून आणि नंतर रेडिएटरच्या गरम टाकीतून नेले होते. म्हणजे अंघोळ करून मग गुऱ्हाळाच्या चुलाणापाशी बसायचे. मिस्त्रींनी आधी टाकी, शेवटी कूलर आणि मग गिअरबॉक्स असा क्रम लावला. एवढ्या कामाला एक दुपार लागली. पहिल्या गॅरेजने दोन दिवस घेतले होते आणि बिलावर 'स्पेशल फिटिंग' असे लिहिले होते.

त्यानंतर साडूंनी चार खेपा केल्या. तेल तापले नाही. कुंपण पुरे झाले. आता ते भेटेल त्याला ऐकवतात, "कूलर मोठा नाही, जागेवर पाहिजे. मी पहिल्यापासून म्हणत होतो." सौ.ने माझ्याकडे बघितले, मी गप्प बसलो. साडूंकडे उन्हाळ्यात राहायचे असते.

परवा दसऱ्याला मात्र ताई ताजा हार घेऊन गाडीपुढे उभ्या. सणाला गाडी बोडकी कशी ठेवायची? साडू अडवताहेत, ताई ऐकत नाहीत, मी दारामागे. शेवटी तडजोड झाली. पूजा पुढे, हळदकुंकू पुढे, नारळ पुढे. आणि हार मागे, ट्रॉली अडकवायच्या आकड्याला.