काबूलची आग, गिरगावची चौपाटी



मुंबईला आलात आणि गिरगाव चौपाटीवर गेलात, तर पोराबाळांना भेळ जरूर द्या. पण तुकाराम ओंबळे यांच्या स्मारकापुढे घटकाभर थांबा. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचा हा माणूस. आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हातात नुसती लाठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. कसाब जिवंत सापडला, म्हणून कट कुणाचा ते जगाला कळले.

लालबागच्या आमच्या चाळीतल्या आजी तेव्हा विचारायच्या, "अरे, त्या पोरांचे आपल्याशी काय वैर?" कसाब गरिबाघरचा, खेड्यातला, १९८७ साली जन्मलेला. वैराचा एक धागा त्याच्या जन्माआधीच्या लढाईत सापडतो.

डिसेंबर १९७९ मध्ये रशियाची फौज अफगाणिस्तानात शिरली. तिला जेरीस आणायचे म्हणून अमेरिका व सौदी अरेबियाने पैसा आणि हत्यारे ओतली. वाटप पाकिस्तानच्या लष्करी हेरखात्याकडे. फेब्रुवारी १९८९ मध्ये रशियन परतले, अमेरिकेनेही पाठ फिरवली. बंदुका आणि लढायला शिकवलेली पोरे मात्र राहिली. भावकीच्या भांडणात बाहेरून लाठीवाले आणले की काय होते, ते तुम्हाला मी काय सांगू! भांडण मिटते, लाठीवाले गाव सोडत नाहीत. मुंबईवर माणसे धाडणारी लष्कर-ए-तैयबा त्याच धामधुमीत उभी राहिली आणि पुढे काश्मीरकडे वळवली गेली.

सगळे खापर परक्या फौजांवर फोडणे मात्र मला पटत नाही. ही माणसे घरी पाठवायची की शेजाऱ्यावर सोडायची, हे पाकिस्तानच्या लष्कराने ठरवले. त्याची झळ त्यांच्या लेकरांनाही लागली. २०१४ साली पेशावरच्या एका शाळेत शंभरावर मुले मारली गेली.

२००१ मध्ये अमेरिका स्वतः तिथे उतरली. वीस वर्षे लढली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पुन्हा तालिबानच्याच हाती गेले, आणि अफगाण फौजेला दिलेली सुमारे सात अब्ज डॉलरची सामग्री मागे राहिली. काश्मीरमध्ये मारल्या गेलेल्या अतिरेक्यांजवळ अमेरिकी बनावटीच्या एम-४ बंदुका सापडल्या आहेत.