सोन्यावरचा मुलामा

सरफेस प्लाझ्मॉन संवेदक सोन्याच्या पातळ थरालगतचा अपवर्तनांक मोजतो. तिथे कोण येऊन बसले, हे त्याला कळत नाही. कोणाला बसू द्यायचे, हे सोन्यावरचा बहुवारिकाचा मुलामा ठरवतो. तरीही अशा संवेदकाच्या एका माहितीपत्रकात प्रकाशस्रोत आणि सॉफ्टवेअर यांना पानेच्या पाने, मुलाम्याला एक ओळ.

उघड्या सोन्यावर प्रथिन चिकटते, पण अनेकदा त्याची घडी उलगडते. सीरममधले अल्ब्युमिनही आगंतुकासारखे येऊन बसते. उप्सालाच्या फार्मासिया बायोसेन्सरने 1990 मध्ये बायाकोर हे असे संवेदक-उपकरण बाजारात आणले, त्यामागे कार्बॉक्सिमिथाइल डेक्स्ट्रानचा, ओला असताना सुमारे 100 नॅनोमीटर जाडीचा जेल होता. ईडीसी आणि एनएचएस या रसायनांनी त्यातले कार्बॉक्सिल गट सक्रिय केले की प्रथिनातले अमाइन त्यांना जोडले जातात; उरलेले गट इथेनॉलअमाइनने बंद करतात. खरी हुशारी आधीच्या पायरीत आहे. बफर प्रथिनाच्या समविद्युत बिंदूहून थोडे आम्लीय आणि कमी क्षाराचे ठेवले, की धनभारित प्रथिन ऋणभारित जेलमध्ये आपोआप ओढले जाते. थोड्याशा नमुन्यात काम भागते.

जेलची हीच खोली पुढे नडते. दाट भरलेल्या जेलमध्ये प्रथिनापासून सुटलेला रेणू बाहेर पडण्याआधीच शेजारच्या जागेला पुन्हा चिकटतो. गर्दीच्या लोकलमधून दादरला उतरू पाहणारा पुन्हा आत ढकलला जावा, तसा. सुटण्याचा वेग कमी दिसतो आणि सामान्य प्रतिपिंड कागदावर पराक्रमी ठरते. आलेख उंच असला की ग्राहक खूश, हा या धंद्याचा अलिखित नियम! पातळ थरावर प्रथिन विरळ बसवले तर आलेख बुटका येतो, पण वेगाचे आकडे विश्वासाचे.

आगंतुकांचा बंदोबस्त सिअॅटलमध्ये शाओयी जिआंग यांच्या गटाने कार्बॉक्सिबिटेनच्या बहुवारिकाने केला. त्याच्या प्रत्येक घटकावर धन आणि ऋण दोन्ही भार असल्याने पाणी घट्ट धरले जाते आणि सीरममधली प्रथिने फारशी टेकत नाहीत. त्यातला कार्बॉक्सिल जोडणीलाही चालतो. न वापरलेले सक्रिय गट पाण्याने विघटित होऊन पूर्ववत होतात. इथेनॉलअमाइनची गरजच नाही.

सोन्याऐवजी काच किंवा सिलिकॉन असेल, तर त्यासाठी मिलानच्या मार्चेल्ला कियारी यांच्या गटाचे अॅक्रिलअमाइड सहबहुवारिक आहे. एक घटक पृष्ठभागाला धरतो, दुसरा प्रथिनाला. चिप द्रावणात बुडवायची, धुवायची, वाळवायची.